विमलताईंच्या शोकेसमधली फ्रेंच वाईन

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या माणसाच्या गळ्यात बहुधा ओळखपत्र असायचं. कापसाची बातमी व्हायला लागल्यापासून पत्रकार, संशोधक, समित्या आणि कॅमेरे येऊन जात होते. माझ्याही गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावर ‘दुभाषी’ असं लिहिलं होतं आणि वर मलाच ओळखू न येणारा माझा फोटो होता.

मी पुण्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि कॉलेजनंतर काय करावं ते न सुचल्यामुळे शिकलेली फ्रेंच. दुभाष्याचं काम मला बरं वाटलं, कारण त्यात स्वतःचं काही बोलावं लागत नाही. हे माझं पहिलंच काम होतं. दक्षिण फ्रान्समधल्या मिरेई नावाच्या साठीच्या द्राक्ष-शेतकरी बाई एका संस्थेच्या कार्यक्रमात नेरजवळच्या एका गावी राहायला येणार होत्या. शेतकऱ्याने शेतकऱ्याला भेटावं, अशी कल्पना होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना माझ्यामुळे एकदा पुरेसा त्रास झालेला आहे.

बुधवार: नागपूरहून निघालो

मिरेईंनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “मला नुसतं मिरेई म्हण.” ते मला जमलं नाही. सहा दिवस मी वाक्यंच अशी केली की त्यात नाव लागू नये.

बुटीबोरी मागे पडल्यावर आमचे ड्रायव्हर प्रमोदभाऊ यांनी सहज विचारलं, की बाईंच्या सामानात काय काय आहे. मिरेईंनी आनंदाने यादी सांगितली. कपडे, बूट, अक्रोड आणि यजमानांसाठी त्यांच्या गावच्या रेड वाईनची एक बाटली. प्रमोदभाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“मॅडम, आता वर्धा जिल्हा लागते. तिथं दारूबंदी हाये.”

“दुसरा रस्ता नाही का?”

“अमरावतीकडून हाये. तिकडून बी वर्धा जिल्हा लागते.”

थोडा विचार करून त्यांनी बाटली मिरेईंच्या बॅगेतून काढली आणि माझ्या बॅगेत घातली. “गोऱ्या बाईची बॅग पहिले उघडतीन. तुमच्याकडे पाहून कोणाले काई वाटत नाई.”

ही गोष्ट लहानपणापासून मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितली गेली आहे. तिचा उपयोग पहिल्यांदाच होत होता. बाटली मी स्वेटरमध्ये गुंडाळली. नाक्यावरचा पोलीस चहा पीत होता, त्याने कप न ठेवता हात हलवला. तरी मी देवळीपर्यंत पाठ टेकली नाही.

कळंबला चहाला थांबलो. टपरीवाल्याने मिरेईंकडे पाहून विचारलं, “टीव्हीवाले का?”

“नाही.”

“मग बसा निवांत,” तो म्हणाला आणि गरम भजे घेऊन आला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. चित्रात दिसतो तसा ढगासारखा नसतो तो. वाळक्या काटक्यांवर कुणी फाटक्या उशीतला भरणा टाकून दिल्यासारखं शेत दिसतं. मिरेई खिडकीला नाक लावून बघत होत्या. “आमच्या वेली हिवाळ्यात अशाच दिसतात,” त्या म्हणाल्या. “मेल्यासारख्या. पाहुणे आले की दरवेळी सांगावं लागतं, की मेल्या नाहीत.”

आमच्या यजमान विमलताई अंगणवाडी सेविका होत्या. वय पन्नास, आवाज अंगणवाडीतल्या सगळ्या मुलांवरून जाईल असा. त्यांचे पती जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते आणि घरी फक्त झोपायला येत. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि काचेचं शोकेस. त्यात मुलीला वक्तृत्वात मिळालेला कप, स्टीलचा न वापरलेला डिनर सेट आणि प्लास्टिकची फुलं. खाली जमिनीवर हाताने रंगवलेल्या कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर दोन बाटल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी.

“येत्या रविवारी बायांचं मतदान हाये,” विमलताईंनी पाणी देता देता सांगितलं. “स्टॉपवरचं देशी दारूचं दुकान ठेवाचं का बंद कराचं. यादीत जेवढ्या बाया हायेत त्याच्या अर्ध्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर बंद. जे घरी बसली, तिचं मत दुकानाच्या बाजूनं गेलं समजा.”

“मागे कधी झालं होतं का?”

“झालतं. नऊ मतांनी गेलं. आता दुसऱ्यांदा हरलो ना बाई, तर बाया तिसऱ्यांदा उंबरठ्याबाहेर पाय नाई टाकणार. आन मी तरी कोणत्या तोंडानं बोलावू?”

मी हे मिरेईंना सांगायला वळले, तर त्या माझ्या बॅगेतून बाटली काढत होत्या. त्यामुळे माझं भाषांतर “रविवारी गावात एका दुकानाबद्दल मतदान आहे” इथेच संपलं. कसलं दुकान, ते राहिलं.

मिरेई दोन्ही हातांत बाटली धरून उभ्या राहिल्या. त्यांनी हे भाषण विमानात तयार केलं असावं. त्या म्हणाल्या, “ही माझ्या आणि माझ्या तीन शेजाऱ्यांच्या जमिनीतली आहे. फार मोठी वाईन नाही. स्वस्त आहे, कोरडी आहे, रोजच्या जेवणातली आहे. माझ्याकडे जे पिकतं ते मी आणलं.”

मग त्या माझ्याकडे पाहू लागल्या. विमलताईही पाहू लागल्या. मी कागदावरच्या उभ्या बाटलीकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्यांच्या शेतातल्या द्राक्षांचा रस आहे. तिकडे रोज जेवताना घेतात.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचे तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते.

“बाप्पा! एवढ्या दुरून आणला?” विमलताईंनी बाटली पदराने पुसली आणि शोकेसमध्ये कपाशेजारी उभी केली. मिरेई घाईने म्हणाल्या, ती आडवी ठेवायची असते. मी सांगितलं, आडवी ठेवा म्हणतात. विमलताईंचा चेहरा उजळला. “आडवी? म्हंजे त्याईलेबी समजलं आपलं काम!” बाटली आडवी झाली. मागे बाबासाहेब होते.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा होता. आमच्याकडे भाजीत गुळाचा खडा पडतो. इथे वर लाल तेल येईपर्यंत कुणी भाजीला भाजी म्हणत नाही. मिरेईंनी ठेचा चमच्याने खाल्ला, डोळे पुसले आणि पुन्हा घेतला.

गुरुवार: कापसात

सकाळी घरात पंचशील म्हणतात. आम्ही दोघी मागे बसलो. नंतर शेतात गेलो.

कापूस वेचायचा तर कमरेला झोळी बांधतात आणि दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढतात. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं सोलतात. मिरेईंनी दोन ओळी केल्या. मी अर्धी केली आणि मग भाषांतराची गरज कुणालाच नसताना भाषांतराला उभी राहिले.

वेचणाऱ्यांत तांड्यावरच्या मैनाबाई होत्या, वय सत्तरच्या पुढे, कोपरापर्यंत बांगड्या. त्यांनी मिरेईंचे हात उलटेपालटे करून पाहिले. “कामाचे हायेत,” असा निकाल दिला. माझे पाहिले आणि सोडून दिले.

“काय पिकते म्हणा तुमच्याकडे?”

“द्राक्षं.”

“भाव हाये?”

मिरेईंनी सांगितलं की नाही. गावातल्या कितीतरी लोकांनी वेली उपटून टाकल्या, आणि उपटण्यासाठी सरकार पैसे देतं. मी हे दोनदा खात्री करून मग मराठीत सांगितलं. सगळ्या बायांचे हात थांबले.

“उपटाचे पैसे?” मैनाबाई म्हणाल्या. “मंग पेराचे कोण देते?”

हे फ्रेंचमध्ये गेल्यावर मिरेई इतक्या हसल्या की झोळीतला कापूस सांडला. मग त्या स्वतःच्या बाटलीबद्दल बोलू लागल्या, की चार शेतांतली वेगवेगळ्या जातींची द्राक्षं एकत्र केल्याशिवाय तो माल बनत नाही. एकाने रंग येतो, एकाने वास, एकाने जीव. मी ‘रस’ हा शब्द धरून ते सांगत राहिले.

“आपल्या जिनिंगसारखंच हाये,” विमलताई म्हणाल्या. “सगळ्याईचा कापूस एकाच ढिगात. मंग तुझा कोणता आन माझा कोणता!”

संध्याकाळी पुढच्या खोलीत प्रचाराची बैठक झाली. कोण कुठल्या गल्लीत जाणार, कुणाच्या सुनेला सासू सोडत नाही, पुण्याला गेलेल्या दोघींना एसटीने कसं बोलवायचं. नव्याने येणारी प्रत्येक बाई शोकेसकडे बघायची. “आडवी बाटली छान मांडली वं विमलबाई,” एक म्हणाली. दुकानवाल्याची वहिनीही येऊन बसली होती. ती ऐकायला येते हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला चहाही मिळत होता. तीही शोकेसकडे बघत होती. मला त्या संध्याकाळी भाकर गेली नाही. विमलताईंनी ऊन लागलं असेल म्हणून मला कैऱ्यांचं जुनं लोणचं दिलं.

शुक्रवार: नेर

सकाळी मिरेईंनी विचारलं, “अजून उघडली नाही. आवडणार नाही असं वाटतं का त्यांना?”

फ्रेंच शिकताना आम्हाला वाईन चाखण्यावर एक अख्खा धडा होता. रंग, वास, तोंडात पहिली चव, मागून येणारी चव. त्यात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते आणि त्याआधी किंवा नंतर मी वाईन कधी तोंडाला लावली नव्हती. त्या धड्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, “मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवली आहे.”

आता मी दोन भाषांत गुंतले होते.

दुपारी नेरच्या बाजारात गेलो. कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग मार्केटच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत आली होती. माणसं ट्रॅक्टरखाली सावलीत झोपली होती. मिरेईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भांड्यांच्या दुकानात शिरून काचेचे बारा छोटे पेले घेतले. कशाला, असं मी विचारलं. “मोठ्या प्रसंगासाठी,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पेले विमलताईंच्या हातात दिले आणि शोकेसकडे बोट दाखवलं. याला दुभाषी लागला नाही. विमलताई हरखल्या. “उद्या शेवटची सभा हाये ना, तिथंच उघडू! सगळ्या बायाईले चमचा चमचा रस देऊ. म्हणा, फ्रान्सहून आला, आता घरी कोणी बसू नका.”

त्या गावभर निरोप द्यायला निघूनही गेल्या.

शनिवार

सकाळी पंचशील झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. विमलताई भाकरी थापत होत्या.

“ताई, तो रस नाही.”

“मंग?”

“वाईन आहे. दारूच.”

त्यांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तुले कधीपासून माहीत हाये?”

“बुधवारपासून.”

“म्हंजे मी तीन दिवस दारूच्या बाटलीखाली बसून दारूबंदीची सभा घेतो, आन तू तिथंच बसून राह्यली.”

इथल्या बायका स्वतःबद्दलही ‘मी घेतो, मी जातो’ असंच बोलतात. एरवी मला ते ऐकायला आवडू लागलं होतं.

मी म्हणाले की मला कळलं नाही काय करावं. बाटली आता गुपचूप बॅगेत घालते, कुणाला समजणार नाही.

“अख्ख्या गावच्या बायाईनं पाह्यली ते. दुकानवाल्याची वहिनी दोनदा पाहून गेली. आज ना उद्या कोणी वाचीन वरचं. तवा मी काय सांगू? का पुण्याच्या पोरीनं सांगतलं नाई?” त्यांनी भाकर उलटली. “आता आपण काय म्हटलं सकाळी? पाच गोष्टी. पाचवी दारूची. ते मी नाई मोडली, मले माहीतच नव्हतं. चौथी कायची हाये?”

“खोटं न बोलण्याची.”

“हं.”

भाकर फुगली. त्यांनी ती फडक्यावर ठेवली. “सभेत तू सांगजो.”

“मला लोकांसमोर बोलता येत नाही.”

“काहून? तीन दिवस दोन्हीकडून बोलून राह्यली ना?”

मग अंगणात जाऊन मिरेईंना सगळं सांगितलं: दुकान कसलं, मतदान कशाचं, रस कुणी म्हटलं. त्यांच्या कानापर्यंत लाली चढली. “मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं. त्या आत गेल्या, विमलताईंसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जोडले. विमलताईंनी त्यांना पाट दिला. मला दिला नाही.

सभा चार वाजता विहारासमोर होती. सतरंजीवर बायका दाटीने बसल्या होत्या. विमलताईंनी बाटली मधोमध आडवी ठेवली आणि म्हणाल्या, “हे पोरगी काई सांगणार हाये. आयका.”

मी उभी राहिले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी जमिनीकडे बघून बोलले, आणि ‘ही वाईन आहे, ताईंना माहीत नव्हतं, खोटं मी बोलले’ हे तीनदा सांगितलं, कारण मागून “मोठ्यानं वं!” असा आवाज येत होता.

मग पाठीमागून एक बाई हसली आणि सगळी सतरंजी हसली.

“वा वं विमलबाई! आमच्या नवऱ्याच्या खिशातली काढता, आन तुमच्या शोकेसात विलायती?”

“बाबासाहेबाच्या समोर! तेबी तीन दिवस!”

“थंडी भरली असन, म्हून ठेवली आडवी, झोपाले!”

पण सगळ्या हसल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या दोघी उठल्या. त्यातली एक म्हणाली, “घरात बाटली ठेवाची आन आमाले शिकवाचं. मागच्या वर्षी मी याच्यासाठी मार खाल्ला होता, विमलबाई.” आणि त्या निघून गेल्या. विमलताईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी फक्त त्या कुठल्या गल्लीत वळतात ते पाहिलं. दुकानवाल्याची वहिनी त्यांच्याही आधी निघाली होती, चहा न घेता.

मैनाबाई पुढे आल्या, बाटली उचलून बुचाला नाक लावलं. “काई नाई येत. बूच लावेल हाये.” मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, “आमच्या तांड्यात देवाले थेंब लागते. देव थेंबावर थांबते. माणूस नाई थांबत, म्हून मी इथं बसतो. आता या बाईले विचार,” त्यांनी मिरेईंकडे हनुवटी केली, “इच्याकडे रोज जेवणात पेतात म्हणते. मंग तिकडचे माणसं मारत नाईत का?”

मी विचारलं. मिरेईंनी माझ्याकडे न बघता, सतरंजीकडे बघून उत्तर दिलं.

“माझे वडील मारायचे,” मी मराठीत सांगितलं. “आईला. रविवारी जास्त.”

विमलताईंनी पेले परत पिशवीत भरले आणि गल्ल्या वाटून द्यायला सुरुवात केली.

रविवार: शाळेत

मतदान शाळेत होतं. सकाळी आठपासून रांग लागली. दुकानवाल्याची माणसं स्टॉपवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, की विमलबाईच्या घरात विलायती आहे, आधी तिचं घर बंद करा.

“माहीत हाये,” मैनाबाई रांगेतून ओरडल्या. “आमी पाह्यली. सांगाले उशीर केला तुमी!”

थोड्या वेळाने ती माणसं सावलीत जाऊन बसली. पण रांग दुपारी तुटली. बाराच्या सुमाराला दहा मिनिटं कुणीच आलं नाही आणि विमलताई शाळेच्या फाटकापाशी उन्हात उभ्या होत्या. मी पाणी नेलं. त्यांनी घेतलं. शनिवार सकाळनंतर त्या माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होत्या.

“त्या दोघी आल्या का?” मी विचारलं.

“एक आली.”

तीनच्या पुढे शेतातून बायका आल्या, झोळ्या कमरेलाच. पुण्याहून येणाऱ्या दोघींतली एक आली. दुसरीची एसटी बडनेऱ्याला बंद पडली होती. पाचला मोजणी सुरू झाली. मिरेई आणि मी भिंतीला टेकून उभ्या होतो. आतून आकडे ऐकू येत होते आणि मिरेई विचारत होत्या, म्हणून मी आकडे सांगत होते, एकेक करून, जसे येतील तसे. इतकं सरळ भाषांतर मी त्या आठवड्यात पहिल्यांदाच केलं.

अर्ध्याच्या पुढे सहा मतं पडली. आडवी जिंकली.

बायका ओरडल्या, कुणीतरी थाळी वाजवली. विमलताई शाळेच्या पायरीवर बसल्या आणि चप्पल काढून तळपाय चोळत राहिल्या. “सहा,” त्या म्हणाल्या. “सहा बाया घरी बसल्या असत्या तर?” मग मला म्हणाल्या, “काल त्या दोघी उठल्या ना, मले रात्री झोप नाई आली. पण आज स्टॉपवर दुकानवाल्याच्या माणसाईनं सांगतलं, तवा कोणी रांगेतून गेली नाई.” यापलीकडे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. जेवताना पहिलं ताट मला वाढलं. पाटही दिला.

सोमवार: शिवेवर

निघायच्या वेळी प्रश्न बाटलीचा होता. विमलताई ती नालीत ओतणार होत्या. बूच कसं काढतात ते विचारायला त्या अंगणात आल्या, मिरेईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

“कोणाच्या मेहनतीचं नालीत नाई ओतत मी,” त्या म्हणाल्या. “पण घरात नाई ठेवत, आन गावातबी नाई.”

मिरेई म्हणाल्या, दिलेली भेट परत नेत नाहीत. मी दोन्ही वाक्यं दोन्हीकडे पोचवली. दोघीही आपल्या जागी ठाम होत्या.

“मंग शिवेच्या पलीकडे नेऊन तुमी पेऊन टाका,” विमलताई म्हणाल्या. “हे पोरगीबी पेईन. इनंच आणली ना बॅगेतून.”

पाहुण्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायची रीत आहेच. विमलताई गाडीत बसून आल्या. नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाभळीजवळ शीव होती, चुना लावलेला दगड. आम्ही दगडाच्या पलीकडे उतरलो, त्या अलीकडे उभ्या राहिल्या. दोन पेले त्यांनीच पिशवीतून काढून दिले.

बूच काढायचं हत्यार मिरेईंच्या हातातल्या बॅगेत होतं, म्हणून विमानतळावरच जप्त झालं होतं. प्रमोदभाऊंनी पान्याच्या मुठीने बूच आत ढकललं. थोडी वाईन त्यांच्या शर्टावर उडाली. “आता वर्ध्यात काय सांगू?” ते म्हणाले आणि पाण्याची बाटली घेऊन गाडीमागे गेले.

मिरेईंनी दोन्ही पेले अर्धे भरले. रंग गडद, काठाला जांभळट. धड्यात सांगितल्याप्रमाणे मी पेला फिरवला, वास घेतला. ओल्या मातीचा आणि जांभळाचा वास होता, आणि खाली कुठेतरी शाईच्या दौतीचा. मग घोट घेतला. द्राक्षांची आहे म्हटल्यावर माझ्या जिभेने गोडाची तयारी केली होती. गोड काहीच आलं नाही. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतात तशा हिरड्या आवळल्या गेल्या, जीभ खडबडीत झाली, घशात ऊब उतरली. आणि मग, गिळून झाल्यावर, मिऱ्यासारखं काहीतरी बराच वेळ तोंडात राहिलं.

“कशी हाये?” विमलताईंनी दगडाच्या त्या बाजूने विचारलं. “खरं सांगजो.”

“तुरट आहे, ताई. पहिला घोट मला आवडला नाही. दुसरा बरा लागला.”

मिरेईंनी मी काय म्हणाले ते विचारलं. मी त्यांना तेच सांगितलं, त्याच क्रमाने. त्यांनी मान डोलावली. “भाकरीबरोबर घ्यायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “एकटी प्यायची नाहीच ती.” त्यांनी स्वतःचा पेला संपवला आणि उरलेली वाईन बाभळीच्या बुंध्याशी ओतली, सावकाश, गोल फिरवत, रोपाला घालतात तशी. विमलताई बघत होत्या.

“इले विचार,” त्या म्हणाल्या. “माझा काई राग आला का? इचा माल मी बंद केला.”

मी विचारलं. मिरेईंनी रिकामी बाटली गाडीत ठेवली. मग बोलल्या आणि मी त्यांच्यामागून एकेक वाक्य सांगत गेले: “माझ्या आईच्या वेळी असं मतदान असतं, तर आई रांगेत पहिली उभी राहिली असती. आमच्या गावात वेली राहिल्या नसत्या. मी आज जर्दाळू पिकवत असते.”

विमलताईंनी हे नीट ऐकलं. दगडावर हात टेकला.

“जर्दाळूले भाव काय हाये तिकडं?”

मी विचारलं.

“तोही पडलाय म्हणतात,” मी सांगितलं.